विशिष्ट सापेक्षतेची गृहीतकं बदलली तर क्वांटम क्षेत्र सिद्धांताचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.च्या वर्गात सापेक्षता शिकवून झाली की दरवर्षी कुणीतरी उठून विचारतंच, "मॅडम, यातलं एखादं गृहीतक बदललं तर?" हा प्रश्न मला फार आवडतो. त्याचं उत्तर मात्र तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत देता येत नाही. वर्गात, पत्रांतून आणि फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. पदवीपर्यंतचं भौतिकशास्त्र झालेल्यांना समजावं अशा बेताने लिहिलं आहे.

गृहीतकं तर दोनच आहेत. मग बदलायला उरतं काय?

१९०५ साली आइनस्टाइन यांनी दोन गृहीतकं मांडली. एकसमान गतीने जाणाऱ्या सगळ्या निरीक्षकांसाठी निसर्गनियम सारखेच, हे पहिलं. प्रकाशाचा वेग तो सोडणाऱ्या वस्तूच्या गतीवर अवलंबून नसतो, हे दुसरं. पण त्यांच्या पोटात न बोललेली आणखी काही असतात: सगळी ठिकाणं सारखी, सगळे क्षण सारखे, सगळ्या दिशा सारख्या.

१९१० मध्ये इग्नातोव्स्की यांनी एक सुंदर गोष्ट दाखवली. पहिलं गृहीतक आणि ही न बोललेली गृहीतकं एवढ्यावरच रूपांतरणांचं रूप जवळजवळ ठरून जातं. एकच आकडा मोकळा राहतो, आणि तो म्हणजे सगळ्या निरीक्षकांना सारखाच दिसणारा, म्हणजे सर्वमान्य, वेग. तो अनंत असेल तर गॅलिलिओची रूपांतरणं मिळतात, सान्त असेल तर लोरेन्ट्झची. प्रकाशाचं काम फक्त हा आकडा सांगण्याचं.

म्हणून "प्रकाशवेगाचं गृहीतक जरासं सैल करू" असं म्हणून फारसं काही साधत नाही. बदल करायचा तर सगळे निरीक्षक समान नाहीत असं म्हणा, किंवा सगळ्या दिशा सारख्या नाहीत असं म्हणा, किंवा अवकाश-कालाची गुळगुळीत चौकटच सोडून द्या. यापैकी प्रत्येक वाटेने कुणी ना कुणी गेलेलं आहे.

क्वांटम क्षेत्र सिद्धांताला सापेक्षतेची एवढी गरज का?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. (क्वांटम क्षेत्र सिद्धांत म्हणजे कणांकडे अवकाशभर पसरलेल्या क्षेत्रांची क्वांटम स्पंदनं म्हणून पाहणारा सिद्धांत.) इथे थोडं थांबून वाचा.

"कण" या शब्दाचा अर्थच सापेक्षतेतून येतो. १९३९ मध्ये विग्नर यांनी लोरेन्ट्झ रूपांतरणं, फिरवणं आणि सरकवणं या सगळ्यांचा मिळून होणारा समूह घेतला आणि क्वांटम यामिकीत तो किती प्रकारांनी वावरू शकतो याची यादी केली. यादीतल्या प्रत्येक नोंदीला दोन खुणा असतात: वस्तुमान आणि स्पिन (कणाचा अंगभूत कोनीय संवेग). इलेक्ट्रॉनचं वस्तुमान अमुक, स्पिन अर्धा, असं आपण सहज बोलतो. त्या बोलण्यामागे ही यादी असते. समूह बदलला की यादी बदलते आणि "कण म्हणजे काय" हे नव्याने सांगावं लागतं.

आता प्रतिकण पाहा. क्वांटम यामिकीत एखादा कण 'अ' या घटनेपासून 'ब' या घटनेपर्यंत पोचण्याचा आयाम (ज्याच्या वर्गातून संभाव्यता मिळते तो आकडा) काढला, तर प्रकाशालाही गाठता येणार नाही इतक्या दूरच्या 'ब'साठीसुद्धा तो नेमका शून्य येत नाही, थोडासा उरतो. अशा दोन घटनांत आधी कोणती आणि नंतर कोणती, याबद्दल निरीक्षकांचं एकमत नसतं. एकाला कण 'अ'पासून 'ब'कडे गेलेला दिसतो, तर दुसऱ्याच्या मते आधी 'ब' घडली. दुसऱ्याला 'ब'पासून 'अ'कडे काहीतरी गेलेलं दिसायला हवं, तेवढ्याच वस्तुमानाचं आणि उलट्या विद्युतभाराचं. हाच प्रतिकण. कणाचा आणि प्रतिकणाचा वाटा एकमेकांना बरोबर खोडतात, आणि म्हणून 'अ'जवळ केलेल्या मोजमापाचा 'ब'जवळच्या मोजमापावर काहीही परिणाम होत नाही. डिरॅक यांचं समीकरण १९२८ चं, अँडरसन यांना पॉझिट्रॉन दिसला १९३२ मध्ये. पण सापेक्षता आणि क्वांटम यामिकी एकत्र नांदायची असेल तर प्रतिकण असणं भागच आहे.

ही खोडाखोड जमावी म्हणून क्षेत्रांची अदलाबदल करताना पूर्ण स्पिनच्या क्षेत्रांना एक चिन्ह लागतं, अर्ध्या स्पिनच्या क्षेत्रांना दुसरं. पहिल्यातून बोस यांची सांख्यिकी (एकसारखे कण एका स्थितीत किती राहू शकतात याचा नियम) येते, दुसऱ्यातून फर्मी-डिरॅक यांची, आणि पाउली यांनी १९४० मध्ये हे सिद्ध केलं. दोन इलेक्ट्रॉन एका स्थितीत राहू शकत नाहीत, म्हणून अणूंना कवचं आहेत, म्हणून आवर्तसारणी आहे. म्हणजे एका गृहीतकाचा धागा ओढला की पार रसायनशास्त्रापर्यंत हालचाल जाणवते. सीपीटी प्रमेयही याच कुटुंबातलं: विद्युतभार उलटवा, आरसा धरा, काळ उलटवा, तिन्ही एकदम केलं तर नियम जसेच्या तसे राहतात.

सर्वमान्य वेग अनंत धरला तर क्वांटम क्षेत्र सिद्धांत उरतच नाही का?

उरतो, आणि रोज वापरला जातो. थंड अणूंचे वायू, अतिप्रवाही हेलियम, धातूतले इलेक्ट्रॉन यांच्यासाठी अशीच क्षेत्रं लिहितात. लेव्ही-लेब्लाँ यांनी १९६७ मध्ये या गॅलिलिओ-प्रकारच्या सिद्धांताची नीट मांडणी केली. प्रतिकणांची सक्ती जाते. वस्तुमान स्वतंत्रपणे अक्षय्य राहतं, त्यामुळे ऊर्जेतून नवे कण निर्माण होणं बंद होतं. स्पिन आणि सांख्यिकी यांचं नातंही सुटतं. ते वेगळं गृहीत धरावं लागतं.

पण स्पिन जात नाही! इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय आघूर्णातला २ हा गुणक केवळ सापेक्षतेमुळे येतो, असं अनेक पाठ्यपुस्तकांतून सुचवलं जातं. लेव्ही-लेब्लाँ यांनी तो गॅलिलिओच्या चौकटीतही काढून दाखवला. मी स्वतः कित्येक वर्षं हे चुकीचं शिकवत होते, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

(उलट टोकाला, सर्वमान्य वेग शून्याकडे नेला तर कॅरॉल समूह मिळतो, १९६५ मध्ये लेव्ही-लेब्लाँ आणि १९६६ मध्ये सेन गुप्ता यांनी तो स्वतंत्रपणे मांडला. तिथे कुणी कितीही ढकललं तरी कण जागचा हलत नाही. सध्या कृष्णविवरांच्या क्षितिजाच्या अभ्यासात त्याला पुन्हा मागणी आली आहे.)

प्रकाशापेक्षा वेगवान कण सापेक्षतेत बसतात का?

बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन यांनी १९६२ मध्ये हा प्रश्न गांभीर्याने हाताळला. जॉर्ज सुदर्शन तरुणपणी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. त्यांचं म्हणणं असं की प्रकाशवेग ही भिंत आहे; अलीकडून पलीकडे जाता येत नाही, पण पलीकडेच जन्मलेल्यांना कुणाची हरकत असावी? १९६७ मध्ये फाइनबर्ग यांनी अशा कणांना टॅकिऑन हे नाव दिलं.

टॅकिऑनच्या वस्तुमानाचा वर्ग ऋण असतो. क्षेत्र सिद्धांताच्या भाषेत याचा अर्थ वेगळाच निघतो: ते क्षेत्र टेकडीच्या माथ्यावर ठेवलेल्या गोटीसारखं आहे. जरा धक्का लागला की घरंगळतं आणि खाली दरीत स्थिरावतं. या सगळ्यात कोणताही संदेश प्रकाशापेक्षा वेगाने जात नाही. दरीत पोचल्यावर दिसणाऱ्या कणांच्या वस्तुमानाचा वर्ग धनच असतो. हिग्ज क्षेत्राची गोष्ट हीच आहे. म्हणजे टॅकिऑनमुळे सापेक्षतेला बाधा येत नाही, फक्त आपण निर्वात पोकळी चुकीच्या जागी मानली होती एवढं कळतं.

२०११ मध्ये न्यूट्रिनो प्रकाशाच्या पुढे गेल्याची बातमी होती. तिचं काय झालं?

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेपासून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंत सुमारे ७३० किलोमीटरचं अंतर न्यूट्रिनोंनी ६० नॅनोसेकंद लवकर कापल्याचं ऑपेरा प्रयोगात दिसलं. पुढे प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसली नव्हती असं आढळलं आणि तो परिणाम नाहीसा झाला.

पण ती जोडणी सापडण्याच्या कितीतरी आधी कोहेन आणि ग्लॅशो यांनी कागदावरच आक्षेप घेतला होता. न्यूट्रिनो खरोखर इतके वेगवान असते, तर वाटेत इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या सोडत त्यांनी आपली ऊर्जा गमावली असती. ग्रान सासोला पोचलेल्या न्यूट्रिनोंत तशी घट दिसत नव्हती. फक्त वेग बदलून भागत नाही, कोणत्या क्रिया घडू शकतात तेही बदलतं. पुढच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे.

एखादी खास चौकट आहे असं सरळ मानलं तर?

म्हणजे एका निरीक्षकाची चौकट बाकीच्यांपेक्षा वेगळी मानली तर? मानता येतं, आणि त्याची अतिशय शिस्तशीर भाषा तयार आहे. कोस्टेलेकी आणि सॅम्युअल यांनी १९८९ मध्ये दाखवलं की स्ट्रिंग सिद्धांतात निर्वात पोकळीच एखादी दिशा धरून बसू शकते. १९९७-९८ मध्ये कोलाडे आणि कोस्टेलेकी यांनी प्रमाण प्रतिकृतीत (मूलभूत कणांच्या आजच्या मान्य सिद्धांतात) लोरेन्ट्झ सममिती मोडणाऱ्या सगळ्या शक्य पदांची यादी केली. प्रत्येक पदापुढे एक सहगुणक, आणि प्रत्येक सहगुणकावर प्रयोगांनी घातलेली मर्यादा. कंटाळवाणं वाटेल, पण याच यादीमुळे अणुघड्याळवाले, न्यूट्रिनोवाले आणि दुर्बिणवाले एकमेकांशी बोलू लागले. त्या कामाबद्दल मला फार आदर आहे.

कोलमन आणि ग्लॅशो यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सोपी आवृत्ती दिली: प्रत्येक जातीच्या कणाचा कमाल वेग थोडा वेगळा असू द्या. इलेक्ट्रॉनचा कमाल वेग प्रकाशापेक्षा जास्त असेल, तर वेगवान इलेक्ट्रॉन रिकाम्या पोकळीतही चेरेन्कोव्ह प्रकाश (प्रकाशाला मागे टाकणाऱ्या भारित कणातून निघणारा प्रकाश) सोडून मंदावेल. उलट प्रकाश जास्त वेगवान असेल, तर पुरेशा ऊर्जेचा फोटॉन आपोआप इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनमध्ये मोडेल. चीनमधल्या ल्हासो वेधशाळेने २०२१ मध्ये खेकडा तेजोमेघाकडून आलेला १.१ पेटा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन नोंदवला. सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षं चालून तो अखंड पोचला. एवढ्या एका पाहुण्यावरून किती कडक मर्यादा निघते, ते शेवटच्या प्रश्नात आहे.

बदल फक्त प्लांक ऊर्जेजवळ होत असेल. आपल्या प्रयोगशाळेत तो दिसायचं कारणच काय?

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. मीही फसले होते.

प्लांक ऊर्जा म्हणजे जिथे गुरुत्वाकर्षणाचे क्वांटम परिणाम महत्त्वाचे होतील असं मानतात ती ऊर्जा. युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. प्लांक ऊर्जा सुमारे १.२ गुणिले एकावर १९ शून्यं इतके गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट. सर्नच्या मोठ्या कोलायडरमध्ये टक्कर होते ती १३,६०० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टची. दोन्हींत जवळपास एकावर १५ शून्यांचं अंतर. मग वर काही बिघडलं तर खाली त्याचा अंश तेवढ्याच पटीने लहान असणार, नाही का?

क्षेत्र सिद्धांत म्हणतो, नाही. इलेक्ट्रॉन सरळ चालत असतानाही तो फोटॉन सोडतो, परत घेतो, आणि या आभासी फेऱ्यांत प्लांक ऊर्जेपर्यंतच्या सगळ्या ऊर्जांचा वाटा असतो. लोरेन्ट्झ सममिती शाबूत असेल तर या बेरजेतून फक्त वस्तुमान आणि विद्युतभार यांसारखे आकडे बदलतात. वरच्या टोकाला सममिती मोडली असेल, तर त्या बेरजेतून इलेक्ट्रॉनच्या कमाल वेगातच फरक शिल्लक राहतो, आणि प्लांक ऊर्जेने भागून तो लहान होत नाही. त्याला लहान करणारा घटक एकच, विद्युतचुंबकीय जोडणीचा १ भागिले १३७ सारखा आकडा. कोलिन्स, पेरेझ, सुदार्स्की, उरुतिया आणि वुसेटिच यांनी २००४ मध्ये हे स्पष्टपणे मांडलं. म्हणजे फरक टक्क्यांत मोजण्याइतका यायला हवा, आणि प्रयोग सांगतात की तो एकावर १८ शून्यांनी भागल्यावरही दिसत नाही.

अर्थात वाटा आहेत. अतिसममिती (पूर्ण आणि अर्ध्या स्पिनच्या कणांना जोडणारी सममिती) असेल तर ती हे घातक पद येऊ देत नाही. सममिती मोडणारा भाग गुरुत्वाकर्षणाच्या पडद्याआड राहिला आणि पदार्थाशी त्याचा संबंध फार दुबळा असला, तर गळती कमी होते. पण कोणती वाट धरली ते सांगावंच लागतं. नवा सिद्धांत हाती आला की मी सर्वांत आधी हे पान शोधते.

ग्राफीनमध्ये तर सापेक्षता आपोआप उगवते. तसंच विश्वाचं असेल का?

फार चांगला प्रश्न. ग्राफीनच्या, म्हणजे एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनच्या, जाळीत खास चौकट आहे, ती म्हणजे जाळी स्वतः. तरीही कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वस्तुमानरहित डिरॅक कणांसारखे वागतात, आणि त्यांच्यासाठी कमाल वेग असतो प्रकाशाच्या सुमारे ३०० व्या हिश्श्याचा. ऊर्जा कमी करत गेलं की परस्परक्रियांमुळे हा वेग वाढत जातो. २०११ मध्ये तो वाढताना मोजलाही गेला. सिद्धांत सांगतो की खूप खूप खाली गेलं तर तो प्रकाशवेगाला जाऊन मिळेल आणि इलेक्ट्रॉन-फोटॉन एकाच सापेक्षतेत येतील.

अशीच कल्पना चढ्ढा आणि निल्सन यांनी १९८३ मध्ये मांडली होती: वर काहीही असो, खाली येता येता लोरेन्ट्झ सममिती तयार होते. अडचण वेगाची. हा प्रवास लॉगॅरिदमच्या चालीने होतो, म्हणजे फार सावकाश. प्लांक ऊर्जेपासून आपल्यापर्यंतचं अंतरही त्याला अपुरं पडतं, जोवर परस्परक्रिया बऱ्याच प्रबळ नसतील तोवर. माझा कल या वाटेकडे आहे, पण आज ती पूर्ण झालेली नाही.

दोन अचल राशी असलेली सापेक्षता म्हणजे काय?

इथे खास चौकट मानत नाहीत. सगळे निरीक्षक समानच. फक्त वेगाबरोबर एक ऊर्जाही सगळ्यांना सारखी दिसते, बहुधा प्लांक ऊर्जा. अमेलिनो-कामेलिया यांनी २००० च्या सुमारास ही मांडणी केली. स्मोलिन आणि त्यांचे सहकारी मागेइझू यांनी २००२ मध्ये दुसरं रूप दिलं. तिचं गणित कापा-प्वँकारे नावाच्या बीजगणिताशी जुळतं, जे ल्युकिएर्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्येच शोधलं होतं.

कल्पना देखणी आहे. किंमत मात्र बेरजेत मोजावी लागते. संवेगांची साधी बेरीज चालत नाही, वाकडा नियम लागतो. एका इलेक्ट्रॉनला प्लांक ऊर्जेची मर्यादा ठीक आहे. पण प्लांक वस्तुमान म्हणजे सुमारे ०.०२ मिलिग्रॅम, आणि १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू त्याच्या कित्येक लाख पट. मग चेंडूला तीच मर्यादा का लागत नाही? दुसरी अडचण क्षेत्र सिद्धांताची. काही रूपांत 'क' अधिक 'ख' आणि 'ख' अधिक 'क' यांची उत्तरं वेगळी येतात. दोन एकसारख्या कणांची अदलाबदल म्हणजे काय, हेच मग डळमळतं, आणि त्या अदलाबदलीवरच तर बोस आणि फर्मी यांची सांख्यिकी उभी आहे. २०११ मध्ये "स्थानही निरीक्षकसापेक्ष" असं मानणारी मांडणी पुढे आली आणि चेंडूच्या प्रश्नावर तिने बरीच प्रगती केली. परस्परक्रियांसह पूर्ण क्षेत्र सिद्धांत अजून सर्वमान्य रूपात उभा राहिलेला नाही.

अवकाश-कालाचे निर्देशांकच एकमेकांशी अदलाबदल न होणारे मानले तर?

स्नायडर यांनी १९४७ मध्ये हे करून पाहिलं, अनंत उत्तरं टळतील या आशेने. नव्वदीच्या दशकात कल्पना पुन्हा जोरात आली, आणि मग एक विलक्षण गोष्ट सापडली: अशा क्षेत्र सिद्धांतात अतिउच्च ऊर्जेचे परिणाम अतिनीच ऊर्जेत डोकावतात. वरच्या मजल्यावरचं खाली कळू नये, ही रीनॉर्मलायझेशनची (उच्च ऊर्जेचे परिणाम मोजक्या आकड्यांत सामावून घेण्याच्या पद्धतीची) सवयच मोडते.

आणि होरावा यांचा सिद्धांत?

२००९ मधला, क्वांटम गुरुत्वाकर्षणाचा. उच्च ऊर्जेला काळ आणि अवकाश वेगवेगळ्या मापाने ताणले जातात असं मानायचं. गुरुत्वाकर्षणाच्या क्वांटम गणितात येणारी अनंतं आटोक्यात आणायला जास्त अवकलजं घालावी लागतात. ती काळाचीही घातली तर ऋण संभाव्यतेची भुतं येतात. होरावा यांनी ती फक्त अवकाशाची घातली, आणि भुतं टळली. बदल्यात सममिती गेली, म्हणजे वरचा गळतीचा प्रश्न दारात उभा.

निरीक्षणांनीही त्याला चाप लावला. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून गुरुत्वीय लहरी आल्या आणि अवघ्या १.७ सेकंदांनी गॅमा किरण. इतक्या लांबच्या वाटेवर एवढाच फरक! दोन्हींचे वेग एकावर १४-१५ शून्यांत एखाद्या भागापलीकडे वेगळे नाहीत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेली लायगो-इंडिया सुरू झाली की अशा टकरींची जागा आकाशात अधिक नेमकी सापडेल आणि दुर्बिणींना वेळेत तिकडे वळता येईल.

प्रकाशाचा वेग ऊर्जेप्रमाणे बदलतो का, हे तपासलं आहे का?

हो. २००९ मध्ये फर्मी दुर्बिणीने एका लघु गॅमा किरण स्फोटातला ३१ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन कमी ऊर्जेच्या फोटॉनांच्या सेकंदभरातच आलेला पाहिला, सात अब्ज वर्षांच्या प्रवासानंतर. ऊर्जेच्या समप्रमाणात होणाऱ्या बदलासाठी मर्यादा तेव्हाच प्लांक ऊर्जेच्या वर गेली. ९ ऑक्टोबर २०२२ च्या अतितेजस्वी स्फोटावरून ल्हासोने ती प्लांक ऊर्जेच्या दहापट नेली. वर्गाच्या प्रमाणातला बदल मात्र अजून बराच मोकळा आहे. नव्या कल्पनांना जागा तिथे आहे.

सीपीटी मोडलं तर लोरेन्ट्झ सममितीही मोडते का?

ग्रीनबर्ग यांनी २००२ मध्ये दाखवलं की स्थानिक परस्परक्रियांच्या नेहमीच्या क्षेत्र सिद्धांतात मोडते. म्हणून कण-प्रतिकणांची तुलना ही सापेक्षतेचीही कसोटी ठरते. केऑन (एक अल्पायुषी कण) आणि प्रतिकेऑन यांच्या वस्तुमानातला फरक एकावर १८ शून्यांत एका भागाहूनही कमी आहे. प्रतिहायड्रोजनची एक वर्णरेषा सर्नमध्ये २०१८ साली लाख कोटींत दोन भाग इतक्या नेमकेपणाने मोजली. हायड्रोजनशी ती जुळते.

मला स्वतःची कल्पना तपासायची आहे. सुरुवात कुठून करू?

ऊर्जा आणि संवेग यांचं नवं नातं एकाच कणासाठी लिहून थांबू नका. फोटॉन, इलेक्ट्रॉन, प्रोटॉन सगळ्यांसाठी लिहा. दोन कणांची बेरीज कशी होते ते लिहा. दूरच्या दोन घटनांत खोडाखोड अजून होते का, ते पाहा. एका फेरीची आभासी बेरीज करा, टाळू नका. आणि त्याआधी, कोणत्या नव्या क्रिया आता घडू शकतात ते तपासा. हे शेवटचं काम पानभर गणितात होतं, म्हणून तिथूनच हात घाला.

उदाहरणार्थ, प्रकाशाचा वेग इलेक्ट्रॉनच्या कमाल वेगापेक्षा एका छोट्या अंशाने जास्त आहे असं धरा. मग फोटॉनच्या ऊर्जेचा वर्ग वजा संवेगाचा वर्ग (इलेक्ट्रॉनच्या वेगाने मोजलेला) शून्य राहत नाही. तो अंशाच्या दुपटीला ऊर्जेच्या वर्गाने गुणून येतो. हा आकडा इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या दुपटीच्या वर्गाहून मोठा झाला की फोटॉन मोडतो. खेकडा तेजोमेघाचा फोटॉन मोडला नाही. त्याची ऊर्जा ११ लाख गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ०.०००५११. भागाकार सुमारे २१५ कोटी. त्याचा वर्ग करा, २ ला त्याने भागा. तो अंश जास्तीत जास्त केवढा असू शकतो, ते मिळेल. माझं उत्तर ४.३ भागिले एकावर १९ शून्यं असं आलं. तुमचं किती येतं ते काढून पाहा.